एकशे चौऱ्याऐंशी पानं आणि नवा पहारेकरी

“मॅडम, तुमचा पासवर्ड काय आहे?”

मी उभी राहिले, हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात विचारलं. हॉलमध्ये आठवी-नववीच्या अडीचशे मुली. आधी फक्त पंख्यांची घरघर ऐकू आली, मग निकिता कोष्टीचं दाबून धरलेलं हसू फुटलं आणि तिच्यामागून सगळा हॉल फुटला. पैज तिनं आणि अल्फियानं, माझ्या दोघी मैत्रिणींनी, लावलेली. ‘विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलतो.’ त्या दोघींना वाटलेलं मी विचारणार नाही. सहा महिन्यांपूर्वी मी हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात ‘यस मॅडम’ म्हणायची. पण गॅदरिंगला नाटकात सासू केली, तिनं टाळ्या घेतल्या आणि मला आवाज सापडला. नवा सापडलेला आवाज कोण घरी ठेवतं? मी तो जाईन तिथं घेऊन जायची.

आमच्या मुख्याध्यापिका खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सायबर सुरक्षेवर व्याख्यान द्यायला आलेल्या लोखंडे मॅडमनी मात्र हातानंच त्यांना थांबवलं.

“वर ये,” त्या मला म्हणाल्या. “नाव?”

“सुहानी मगदूम. आठवी ब.”

“मुलींनो, तासभर मी बडबडतेय, पण खरं प्रात्यक्षिक सुहानीनं दिलं. विचारणारा हसतमुखानं, गोड आवाजात, चारचौघांत विचारतो. द्यायचं की नाही ते आपण ठरवायचं.” मग माझ्याकडं वळून, “मी देणार नाही. पण हे देते.” आणि त्यांनी माझ्या गणवेशावर ‘सायबर दूत’ असा निळा बिल्ला लावला. सोबत एक पत्रक दिलं: घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरस कसा निवडावा. “घरी कॉम्प्युटर आहे ना? त्याच्यावर पहारा कोण देतं, बघितलंयस कधी?”

नव्हतं बघितलं.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी अकरावीत आहे. बिल्ला अजून माझ्या कंपासपेटीत आहे, पण मी तो लावत नाही. का, तेच सांगते.

इचलकरंजीत आमचं घर यंत्रमागांच्या खडखडाटात. भिंतीला भिंत लागून कारखाना आणि दिवसभर खाड-खाड-खाड. पप्पा एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, दिवाणजी. आई घरी टायपिंग करायची. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. आई आधी कामाला होती ती प्रेस बंद झाली तेव्हा तिनं त्यांच्याकडूनच घेतलेला, माझ्या जन्माच्याही आधीचा. त्याच्या डब्यावर पिवळी पडलेली एक चिठ्ठी कायम चिकटवलेली: ‘यातलं काही पुसू नये. त्रिशला.’ निकिता, अल्फिया आणि मी, आम्ही तिघी त्या चिठ्ठीवरून आईची नक्कल करायचो.

आईचं काम संपलं की कॉम्प्युटर माझा. मला फोन दहावीनंतर मिळणार होता, त्यामुळं माझं सगळं जग त्या एका पडद्यात. आम्हा तिघींचं एक चॅनेल होतं. त्यावर आम्ही छोटी नाटुकली टाकायचो. तीनशे बारा लोक आम्हाला बघत होते, आणि त्यातले नातेवाईक फक्त चाळीस! व्हिडिओ जोडायचा, त्याला संगीत लावायचं, वर चढवायचा, ते सगळं मी याच कॉम्प्युटरवर करायची. हे संगीत नि ते जोडायचं सॉफ्टवेअर मी कुठून कुठून उतरवून घ्यायची, ते मलाच ठाऊक.

व्याख्यान शुक्रवारी झालं. संध्याकाळी मी बिल्ला लावूनच जेवायला बसले.

“पप्पा, आपला कॉम्प्युटर धोक्यात आहे.”

“कुणाच्या?” पप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं.

“सगळ्या जगाच्या!”

“सायझिंगमध्ये शेठनी नवीन कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरसचे डबे आणलेत. एक जास्तीचा हाय. विचारू?”

“विचारा, विचारा!”

आई ताटातला भात कालवत म्हणाली, “त्याच्यावर हाय की एक. चालतंय.”

“आई, तो फुकटातला आहे. जुना. तुला नाही कळणार.”

आईनं माझ्याकडं बघितलं. “मुजावरचाचांचं पुस्तक सोमवारी प्रेसला जाणार हाय. त्याच्यानंतर काय ते बघ.”

बाबालाल मुजावर हे आमच्या गल्लीतलेच. चाळीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर: माग बंद पडला की मालक जॉबरला हाक मारतो. आता त्यांचे डोळे अधू झालेले. त्यांनी पेन्सिलीनं सहा वह्यांत आपलं सगळं ज्ञान लिहून ठेवलं होतं, ‘मागाची दुखणी’ नावानं. आई वर्षभर ते टाइप करत होती. दर रविवारी चाचा यायचे, स्टुलावर बसायचे, आई वाचायची आणि ते तोंडी दुरुस्त्या सांगायचे. “न्हाई ताई, असं न्हाई. धोटा उडाला तर आधी फणी बघायची, असं लिवा.” त्या दुरुस्त्या वहीत नव्हत्या. फक्त कॉम्प्युटरमध्ये होत्या. एकशे चौऱ्याऐंशी पानं झालेली. पुढच्या रविवारी जुन्या जॉबर लोकांचा सत्कार होता, त्यात पुस्तक निघणार होतं. चाचा म्हणायचे, “माझे डोळे असतील तवर मला त्याचं कव्हर बघू द्या, बास.”

शनिवारी शाळा सकाळची. आई शिरोळला डोहाळजेवणाला गेलेली, पाचला येणार होती. पप्पा दुपारी अँटीव्हायरसचा डबा देऊन परत कामावर गेले. डब्यावर भाला धरलेला शिपाई होता. दीड वाजता अल्फिया आणि निकिता माझं दप्तर उचलूनच घरात शिरल्या.

“सायबर दूतांचा विजय असो!” निकिता ओरडली.

“हळू बोल, पलीकडचे माग थांबतील,” अल्फिया म्हणाली.

मी पत्रक समोर ठेवलं. सगळं नीट, रीतसर करायचं होतं मला. पहिला प्रश्न होता: या कॉम्प्युटरवर कोण आणि कोणतं काम करतं?

“हे काय बालवाडीचं,” मी म्हणाले. “आई टायपिंग करते.” आणि बरोबरची खूण केली.

दुसरा, मेमरी किती? डब्यावर ‘कमीत कमी दोन जीबी’ होतं, आमच्याकडं बरोब्बर दोन. खूण. तिसरा, आधीचा एखादा अँटीव्हायरस आहे का? असेल तर आधी तो काढा, दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजतात. तो मी काढला. जाता जाता त्यानं विचारलं की तुमच्या ठरवून ठेवलेल्या सूचनाही पुसू का. मी म्हणाले, पूस बाबा, निघ.

“सुहे, त्या चिठ्ठीत काय लिहिलंय?” अल्फियानं कॉम्प्युटरच्या डब्याकडं बोट केलं.

“यातलं काही पुसू नये!” निकितानं आईच्या आवाजात म्हटलं, पदर खोचायची नक्कल करून. आम्ही हसून हसून पडलो.

नवा शिपाई आत बसायला पाऊण तास लागला. मग त्यानं तपासणी सुरू केली. आकडा चढत गेला तशा आम्ही ओरडायला लागलो. तीन! अकरा! एकवीस! शेवटी लाल अक्षरं आली: एकतीस धोके सापडले. सगळे काढून टाकू?

“बघितलंत?” मी खुर्चीवर उभी राहिले. “आई म्हणत होती चालतंय! एकतीस!”

“तीन, दोन, एक…” दोघींनी मोजलं आणि मी बटण दाबलं.

तसं समाधान मला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळालंय.

आई पाचला आली. तिनं पातळही बदललं नाही. चाचा जिन्यात दिसले होते तिला. शेवटचं पान तेवढं ऐकायचं राहिलेलं. चाचा आपली पांढरी टोपी सारखी करत स्टुलावर बसले. मी दारात उभी, बिल्ल्यासकट, शाबासकीच्या तयारीत.

आईनं फाईल उघडली.

पडद्यावर मराठी नव्हतं. इंग्रजीही नव्हतं. डोक्यावर टिंबं घेतलेले ए, आडवे-उभे कंस, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं. ओळींवर ओळी तसल्या. आईनं पान खाली सरकवलं. तेच. आणखी खाली. शंभरावं पान, दीडशेवं, एकशे चौऱ्याऐंशीवं. तेच. मग तिनं नवीन कोरं पान उघडलं आणि काही टाइप करून बघितलं. तिथंही तसलंच उमटलं.

“वाचा की ताई,” चाचा म्हणाले. त्यांना पडदा दिसत नव्हता.

आईनं हात मांडीवर ठेवले. मी आईला कधी तशी बघितली नव्हती. पाहुण्यांच्या घरी अनोळखी खोलीत बसल्यासारखी ती स्वतःच्याच खुर्चीत बसली होती.

“चाचा,” ती म्हणाली, “अक्षरं गेलीत.”

“गेलीत म्हंजे?”

“पुस्तकाची. सगळी.”

पलीकडचे माग नेमके तेव्हाच थांबले होते, पाळी बदलायची वेळ. मला माझा श्वास ऐकू यायला लागला.

“पेनड्राइव्हवर आहे ना पण?” मी म्हणाले. “तू रोज घेतेस.”

“हाय. पण ती वाचणारा गेलाय, सुहानी. ‘अक्षरसाथी’ गेलाय. त्याच्याशिवाय ही पानं म्हंजे नुसती रांगोळी. ती कंपनी बंद होऊन धा वर्षं झाली, आणि सीडी कवाच खराब झालीया. गावात आता दुसऱ्या कुणाकडं न्हाई तो.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “तू काय केलंस?”

मला वाटलं चाचा आता उठून जातील. किंवा रडतील. मी म्हाताऱ्या माणसाला रडताना बघू शकत नाही.

ते उठले नाहीत. त्यांनी स्टूल पुढं ओढलं.

“बाळा, मागावर कोण हुतं?”

“काय?”

“बंद पडला तवा मशिनीवर कोण हुतं?”

“मी होते, चाचा.”

“मग इकडं बस. ताई, तुम्ही पण बसा, हात लावू नका कशाला.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “त्या पुस्तकात पहिल्या पानावर काय लिवलंय, ताईंना पाठ असंल.”

आईनं पडद्याकडं न बघताच म्हटलं, “माग बंद पडला की जॉबरनं आधी पाना उचलू नये. आधी विणकराला विचारावं, तू काय ऐकलंस. मागाजवळ दिवसभर तो उभा असतो, आपण नाही.”

“व्हय. मी उमेदवारीत असताना एकदा न विचारता पाना घातला. माग चालवणाऱ्या बाईला ठाऊक हुतं काय बिघडलंय. सांगायला तोंड उघडत हुती, मी म्हनलं, तुला काय कळतंय? दोन दिवस माग बंद.” ते हसले. “आता तू सांग, तू काय काय केलंस, आधी काय, मग काय. आणि मग ताईंना विचार.”

मी सांगितलं. जुना काढला, सूचना पुसल्या, एकतीस धोके, तीन-दोन-एक. ‘तीन-दोन-एक’ सांगताना माझा नवा आवाज कुठं गेला होता देव जाणे.

मग पत्रकावरचा तो पहिला प्रश्न मी आईला विचारला. खूण आधीच केलेली होती. तरी विचारला.

“आई, तू यावर नक्की काय काय करतेस?”

आई सांगायला लागली आणि थांबेना. प्रेसमध्ये लागली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिथं मालक नुसते बोट दाखवायचे, कॉम्प्युटर शिकवणारं कुणी नव्हतं, तिनं पुस्तक आणून स्वतः शिकून घेतलं. ‘अक्षरसाथी’ म्हणजे कीबोर्ड आणि पडदा यांच्यामध्ये उभा राहणारा दुभाषी: तू कुठलं बटण दाबतेस ते तो ऐकतो आणि तिथं मराठी अक्षर ठेवतो. अक्षरांचे साचेसुद्धा तोच सोबत घेऊन येतो. “आणि प्रत्येक बटण ऐकणारा म्हंजे अँटीव्हायरसला हेरच वाटणार. पासवर्ड चोरणारे पण असंच ऐकत्यात. जुन्यानं पण त्याला पकडलावता एकदा. मग मी त्याला सांगून ठेवलं, ह्या चार फायलींना सोड, ह्या माझ्या हायत. बाकी कुणालाबी धर.”

त्या चार नावांची सूचना मी दुपारी पुसली होती. ‘पूस बाबा, निघ’ म्हणून.

“तुला हे सगळं येतं?” मी विचारलं.

“तू विचारलंस कवा?”

पप्पा तेवढ्यात आले, दारातच थबकले. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांनी चपला आवाज न करता काढल्या.

मी पत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं की काढलेल्या फायली लगेच नष्ट होत नाहीत, तीस दिवस ‘क्वारंटाइन’मध्ये असतात. पडद्यावर ती खिडकी सापडायला दहा मिनिटं लागली, ते म्हातारं मशीन नव्या शिपायाच्या वजनानं धापा टाकत होतं.

“क्वारंटाइन? कोरोनासारखं?” पप्पांनी हळूच विचारलं.

“तसंच. कोंडून ठेवलेले,” मी म्हणाले.

यादी उघडली. एकतीस नावं.

“मी वाचते. तुझं कुठलं ते सांग,” मी आईला म्हणाले.

मी एकेक वाचत गेले. आई मान हलवायची. नाही. नाही. नाही. अकराव्यावर ती म्हणाली, “थांब. हा माझा.” पंधरावा तिचा. सोळावा तिचा. सव्विसावा. चार.

“आणि उरलेले सत्तावीस?” पप्पांनी विचारलं.

प्रत्येक नावापुढं तो कुठून पकडला ते लिहिलेलं होतं. मी ते आधीच बघितलं होतं. पाच आईच्या गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधले. बावीस ‘सुहानी चॅनेल’ या फोल्डरमधले. गाणी, व्हिडिओ जोडायचं फुकटातलं सॉफ्टवेअर, मिश्या लावायचं एक ॲप.

आईनंही ते बघितलं. मला कळलं की तिनं बघितलंय. ती म्हणाली, “असतील कुठले तरी. तू माझे चार सोड आधी.”

मी चौघांना सोडलं, आईनं सांगितल्याप्रमाणं त्यांची नावं पुन्हा सोडून द्यायच्या यादीत घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो चालू व्हायला लागतो तेवढ्या वेळात चाचांनी तंबाखूची चंची दोनदा उघडून बंद केली, मळली एकदाही नाही.

फाईल उघडली. पडद्यावर आलं: ‘मागाची दुखणी. बाबालाल इमाम मुजावर.’

आईनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून, घसा साफ करून, शेवटचं पान वाचायला घेतलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या ओळीला त्यांनी बोट वर केलं.

“तिथं एक वाढवा, ताई. ‘नवीन पाना चांगला असतो. पण नट कुठल्या मापाचा हाय, ते बघून उचलावा.’”

आईनं वाढवलं. मागं उभी राहून मी पहिल्यांदाच तिची बोटं बघत होते. ती कीबोर्डकडं बघतच नव्हती. साडेसहा वाजले होते, चाचांचे जावई न्यायला आले. जाताना चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो सरकत बिल्ल्यावर गेला. त्यांनी तो बोटानं चाचपला.

“हे काय हाय गं?”

“काही नाही, चाचा. शाळेतलं.”

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या पत्रकाशी बसले. पलीकडं रात्रपाळीचे माग खडखडत होते. सोडून द्यायच्या यादीबद्दल पत्रकात एकच ओळ होती: ज्याला तपासणीतून सूट द्याल, त्याला बाहेरच्या जगापासून, म्हणजे इंटरनेटपासून, दूर ठेवा. ती ओळ मी किती वेळा वाचली असेन. निकिताचा चेहरा डोळ्यांपुढं आला, अल्फियाचा आला, तीनशे बारा हा आकडा आला. त्या आठवड्याचं नाटुकलं तयार होतं, मी त्यात तीन मिश्या लावलेल्या.

आई कुकर लावत होती. पप्पा त्या शिपायाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. हात मागं बांधले.

“आई, पप्पा, मी ठरवलंय.”

“आता काय?” पप्पांनी धसका घेतला.

“हा शिपाई चांगला आहे, पण आपल्या मशीनला झेपत नाही. तो शेठना परत द्या. उद्या आई आणि मी मिळून जुनाच हलका अँटीव्हायरस परत बसवणार. आई सांगेल, मी करेन. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह तो तपासेल. आणि…” आवाज कुठंतरी अडकला, मी तो ओढून बाहेर काढला, “आणि या कॉम्प्युटरचं नेट काढायचं. कायमचं.”

आई वळली. “आणि तुमचं ते चॅनेल?”

“ते फोल्डर मी आत्ताच पुसलं. सोमवारी दोघींना मीच सांगणार, आणि दप्तरही माझं मीच नेणार.” मी बिल्ला काढून ओट्यावर ठेवला. “इथून पुढं हा कॉम्प्युटर फक्त तुझा, आई. मला काही करायचं असलं, तर आधी तुला विचारेन.”